मान आखडलेला बिडाचा बैल

मित्रांनो, मला चारा लागत नाही की पाणी लागत नाही, तरी मी बैलच आहे. मी एक जुना, बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा बैल. खरं तर पैसे साठवायचा गल्ला. माझ्या शिंगांवर नाणं ठेवायचं, शेपूट दाबायची, की मी मान झुकवून नाणं समोरच्या गव्हाणीत टाकतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, देव जाणे. माळेगावच्या जत्रेत श्रीमंतरावांच्या वडिलांनी मला घेतलं. गेले होते खरा बैल घ्यायला आणि कंधारजवळच्या आपल्या गावी आले मला घेऊन! घरी बोलणी खाल्ली, पण छोटे श्रीमंतराव आणि बाकीची पोरं खूश झाली. माझी मान वाकली की सगळी खिदळायची. मला भारी ऐट यायची.

पुढे श्रीमंतराव कर्ते झाले. दर पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की उरलेला रंग ते मला लावत. "ह्यो बी वर्सभर राबलाय," म्हणत. मग ट्रॅक्टर आला, गोठा रिकामा झाला आणि पोळ्याच्या पाटावर मी एकटाच उरलो. तेव्हा तर ते मला शिंगांपासून खुरांपर्यंत रंगवू लागले. रंगावर रंग चढले आणि एक दिवस माझी मान अडली. लाडानंच अडली म्हणा ना! श्रीमंतराव वारल्यावर मी कपाटावर गेलो. तिथे माझ्याकडे कुणी बघेना, याचं फार वाईट वाटे.

यंदा पोळ्याच्या तोंडावर त्यांच्या मुलाने, दयानंदने, माझा फोटो लातूरच्या विरूपाक्ष अप्पांना पाठवला. कळ दाबली की हलणारे जुने गल्ले जमवायचा अप्पांना नाद. नाणं गिळणारी माकडं, सोंड उचलणारे हत्ती यांनी त्यांचं कपाट भरलेलं. ते आले, मला भिंगातून पाहिलं आणि हळहळले.

"अरे दयानंदा, मूळ रंग पार झाकून टाकला! पण असा बैल मी उभ्या जन्मात पाहिला न्हाई. मी नेतो. सगळा रंग उतरवला की मान बी हलंल."

"न्या अप्पा. इथं नुसता धूळ खाऊन राहिलाय."

अप्पांनी माझ्या पोटाजवळ थोडं खरवडलं. तांबड्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली निळा. श्रीमंतरावांच्या पत्नी केवळाबाई झटकन पुढे आल्या.

"थांबा! ह्यो हिरवा आमच्या नातीच्या, शिल्पीच्या जन्माच्या वर्साचा. निळा, आमचा शेवटचा बैल गेला त्या सालचा. समदे मालकांच्या हातचे हायेत. उतरवू नका, अप्पा. मान न्हाई हलली तरी चालंल."

मला मान हवी होती, पण श्रीमंतरावांचा हातही हवा होता.

अप्पांनी खरवडणं थांबवलं. आपल्या कपाटात त्यांनी मला जागाही करून ठेवली असणार. मग त्यांनी पिशवीतून पेचकस काढला, माझ्या पोटाखालचा स्क्रू सैल केला आणि मानेच्या खाचेत साचलेला रंग तेवढा सुईने उकरला. बाहेरचा एक टवकाही उडू दिला नाही.

"मावशी, ह्याला तुमच्याच घरी राहू द्या. रंग बी द्या हौसेनं. फक्त सांधा सोडून द्या, अन् पोळ्याआधी मानेत शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाकत जा."

"म्हंजी खांदमळण करायची की!" केवळाबाई म्हणाल्या. "पोळ्याच्या आदल्या सांजंला बैलाचे खांदे मळतेत, तसंच. अन् आमी इतकी वर्सं ह्याला नुसतं रंगवूनच राहिलो!"

त्यांनी बोटावर तेल घेऊन माझी मान हळूहळू चोळली. नातीने, शिल्पाने, शेपूट दाबली. मी कुरकुरलो, थबकलो आणि केवळाबाईंसमोर खाली वाकलो. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी जुनं असेल. त्याला सजवा, ओवाळा, माझी काही हरकत नाही. पण आधी त्याचा खांदा चोळा. तो किती दिवसांपासून दुखतो आहे, हे तो आपणहून सांगणार नाही.