राजाबाईचा हात

मायाक्काचे दोन्ही हात कोरे होते, आणि मिलच्या चाळीत ही बातमी तिच्या नावाच्या आधी पोचली. धनगराची लेक, लग्न होऊन सासरी आली आणि अंगावर तिळाएवढंही गोंदण नाही, म्हणजे लोकर नसलेलं मेंढरूच म्हणायचं. तिकडे सांगोल्याच्या माळावर गोंदणारीण आली, की ही पोर कळपात शिरून चार पायांवर उभी राही. एकदा बापाने सांजेला मेंढरं मोजली तर एक जास्त भरलं, आणि त्याने ते बाजारासाठी वेगळं बांधून ठेवलं, इथवर लोक सांगत. त्यातलं निम्मं सोडून दिलं, तरी सुईला ती भ्यायची एवढं खरं.

सिदूची ती दुसरी बायको. दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा सिदू आई बाळाबाईला घेऊन सोलापुरात आला, मिलमध्ये सूत कातायच्या खात्यात लागला आणि इथलाच झाला. पहिली बायको राजाबाई तापाच्या साथीत गेली. मागे येडू राहिली, बोट धरून चालणारी एकुलती पोर. बाळाबाईने रीतीप्रमाणे राजाबाईच्या नावाचा चांदीचा टाक घडवून नव्या सुनेच्या गळ्यात बांधला, मेलेल्या सवतीने त्रास देऊ नये म्हणून. सवतीची सोय झाली. पोरीची कुणी केली नव्हती.

येडूला झोपायची एक खोड होती. राजाबाईचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेला होता. पोर आईला बिलगून पडायची, त्या नक्षीवरून बोट फिरवत वर वर जायची आणि कोपरापाशी पोचली की तिचा डोळा लागायचा. आता मायाक्काने हात पुढे केला की ती बोट टेकवायची, कोऱ्या कातडीवरून ते घसरायचं आणि पोर तोंड फिरवायची. पुढे जेवणही सुटलं. भाकरी दुधात कुस्करून द्या, वर गूळ घाला, ती ओठ मिटून बसे. बरगड्या दिसू लागल्या. शेजारच्या बाया दारातून बघून जात आणि पलीकडे जाऊन हळू आवाजात बोलत. पण चाळीच्या भिंतींना हळू आवाज म्हणजे काय ते ठाऊक नसतं. आई पोरीला न्यायला बसलीय, असं त्या म्हणत.

बाळाबाईचं म्हणणं सरळ होतं. राजाबाईचं गोंदण जसंच्या तसं मायाक्काच्या हातावर काढा, पोर आपोआप निवेल. सिदूला ते अजिबात पटेना. चाळीतल्या एकीचा हात गोंदल्यावर भोपळ्यासारखा सुजला होता. डॉक्टर म्हणतात रक्त नासतं. शिवाय जमाना बदलला, साहेबाच्या मडमेच्या हातावर कुठे गोंदण असतं, असं त्याने पुष्कळ सांगितलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं.

"पलेगची सुई टोचून घ्याला सगळ्यांच्या म्होरं हुबा हुतास की," ती म्हणाली. "सरकारची सुई ग्वाड, आन् आमची तेवढी कडू व्हय रं?"

खरं कारण सिदूने सांगितलंच नव्हतं. ते मायाक्काला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. चितेवर ठेवून आलेल्या बायकोचा हात पुन्हा आपल्या अंथरुणात यावा, असं कुठल्या गड्याला वाटेल?

बाजारापलीकडे शिवबाई नावाची म्हातारी गोंदणारीण राहायची. निम्म्या सोलापूरच्या बायांच्या कपाळावर तिच्या सुया फिरलेल्या. तिच्याकडे गेल्यावर तिसरंच मत निघालं.

"मेल्यावर दागिनं हितंच काढून घेत्यात," शिवबाई म्हणाली. "गोंदलेलं तेवढं बाईच्या संगं जातं. राजाबाईचं तिच्या संगं गेलं. आता त्येच दुसरीच्या अंगावर उठवलं, तर त्ये कुणाचं म्हणायचं? एकीचं गोंदण म्या दुसरीला काढत न्हाय, बाळाबाई."

बाळाबाई रस्ताभर तिला शिव्या देत आली. मायाक्का मागून चालत होती आणि मनातल्या मनात शिवबाईला दुवा देत होती. जो सुई टाळील तो तिच्या दृष्टीने शहाणा.

मग ती दुपार आली. सोलापूरच्या उन्हाळ्यातली दुपार, चाळीतलं कुत्रंही पाण्याच्या टाकीखाली पडून होतं. बाळाबाई शेजारी गेलेली, सिदू पाळीवर. मायाक्का भांडी घासून आत आली तर येडू भिंतीकडे तोंड करून घोंगडीवर पडली होती आणि तिचं बोट हलत होतं. घोंगडीवर नव्हे. घोंगडीच्या वर, वीतभर अंतरावर, हवेत.

बोट थोडं पुढे जाई, थांबे, बारीक वळण घेई, पुन्हा पुढे जाई. पोरंसोरं हवेत बोटं नाचवतातच, असं मायाक्काने स्वतःला समजावलं आणि जवळ जाऊन वाकून पाहिलं. बोटाचं टोक चपटं झालं होतं. नखाखालचं रक्त मागे सरून नख पांढरं पडलं होतं, एखाद्या मऊ वस्तूवर बोट दाबलं की पडतं तसं.

मायाक्काने आपला हात हळूच त्या बोटाखाली सरकवला. बाहेर दगड तापलेले, आणि तिथे रांजणाच्या पोटातल्यासारखा गारवा. येडूने डोळे उघडले नाहीत.

"सरक की," ती म्हणाली. "हात चेंगरतोय तिचा."

मायाक्का बाहेर जाऊन उन्हात उभी राहिली. तळपाय पोळले तेव्हा ती भानावर आली. मग तिने आत जाऊन पोरीला उचललं. कापसाच्या पेळूइतकंही तिला वजन उरलं नव्हतं. कुणाला न सांगता, न विचारता ती तडक शिवबाईच्या दारात जाऊन बसली.

शिवबाईने दुपारचं झालेलं सगळं ऐकलं आणि पान चघळायची थांबली. पण एकदम नाही म्हणायचंही तिच्या जिवावर आलं असावं, कारण तिने आडवाट काढली. गोंदायचं तर नक्षी हवी, ती कुठे आहे, असं तिने विचारलं. राजाबाईचं गोंदण तिच्या माहेरी झालेलं, आणि गोंदणारी कधीच मरून गेलेली. बाळाबाईला आठवायचं ते तुळशीवृंदावन. सिदूला विचारलं होतं तर तो म्हणाला होता, काळं काळं कायतरी हुतं. इतकी वर्षं शेजारी झोपून गड्याने एवढंच पाहिलेलं. शिवबाईला वाटलं, आता ही बया उठून जाईल.

मायाक्का उठली नाही. तिने शिवबाईच्या वाटीतली काजळी घेतली, येडूच्या बोटाला फासली, तिथेच ओसरीच्या सावलीत आडवी झाली आणि डावा हात पोरीपुढे टाकला.

येडूने सवयीने बोट टेकवलं. ते घसरलं, पण या वेळी मागे काळी रेघ उरली. पोर त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिने डोळे मिटले आणि बोट चालू लागलं. मनगटावर शिडी उठली. तिच्यावर ठिपक्यांची माळ. मग नांगी उचललेला विंचू, इतका रेखीव की थोरामोठ्यांचा हातही तसा वळायचा नाही. तुळशीवृंदावन कुठेच नव्हतं. कोपराच्या आतल्या बाजूला बोट एकाच जागी गोल गोल फिरत राहिलं. तिथे घेवड्याच्या दाण्याएवढा काळा डाग झाला आणि पोर झोपली.

शिवबाईने सुयांची जुडी काढली. टोचताना ती नेहमी गाणं म्हणायची, बायांचं दुखणं त्यात विरून जावं म्हणून. त्या दिवशी ती गायली नाही, आणि गरजही पडली नाही. शिडी झाली, माळ झाली, विंचू झाला, कोपराचा डाग झाला. रक्त आलं, पण सुईला भिऊन मेंढरांत लपणाऱ्या मायाक्काला काहीच लागलं नाही. तिला तेव्हा त्याचं बरंच वाटलं.

त्या सांजेला येडूने भाकरी मागून घेतली. चाळीतल्या बाया दारात जमून पोरीचं जेवण बघत होत्या. बाळाबाईने सुनेचा हात मांडीवर घेतला, व्हय की, विंचूच हुता, असं म्हणत ती नक्षी ओळखत वर गेली, आणि कोपरापाशी तिचं बोट थांबलं.

"ही नक्षी न्हवं," ती म्हणाली. "तव्याला हात लागून राजाबाईला भाजलं हुतं. त्येचा डाग ह्यो."

पोरीला काय कळतंय, कुठे गोंदण संपतं आणि कुठे भाजलेलं सुरू होतं. मायाक्का गोंदण आणायला गेली होती. पोरीच्या बोटाने अख्खा हातच आणून दिला होता.

पुढचे दिवस सुखाचे गेले असंच म्हणायला हवं. येडू गुटगुटीत झाली. मायाक्काला ती कधी आई म्हणाली नाही, मोठ्यांचं ऐकून मायाक्काच म्हणायची, पण डाव्या हाताला चिकटून झोपायची. तो हात झोपेतही तिला थोपटायचा. थोपटायची लय मायाक्काच्या ओळखीची नव्हती: दोनदा सावकाश, एकदा भरभर. राजाबाईच्या वेळचं फळीवरचं मिठाचं मडकं मायाक्काने कधीच खाली ठेवलं होतं, पण स्वयंपाक करताना डावा हात उगाच वरच्या फळीकडे जाई. भाकरी थापताना तो उजव्याला पुढे होऊ देत नसे. भाकरी मात्र पातळ आणि पदर सुटलेली व्हायची. सिदूने पहिला घास घेतला, भाकरीकडे पाहिलं, आणि ताट सारून पाणी पिऊन उठला. त्या दिवसापासून तो बायकोच्या उजव्या अंगाला झोपू लागला. विचारलं तर म्हणायचा, तिकडं ढेकणं हायती.

मायाक्काला दिवस गेले आणि मुलगा झाला. तिथून बिनसलं.

पहिल्यांदा पोराला पाजायला घेतलं तेव्हा डावा हात उठलाच नाही. ओल्या फडक्यासारखा मांडीवर पडून राहिला. बाळंतपणाची कमजोरी, असं बाळाबाई म्हणाली आणि तिने बिब्ब्याचं तेल चोळलं. पण तेवढ्यात येडू पायरीवरून घसरली तर तोच हात मायाक्काच्या आधी धावला आणि त्याने तिला झेलून घेतलं. मग पुन्हा पडला. मायाक्का एका हाताने लेकराचं सगळं करू लागली. एके सकाळी दोन्ही हातांनी पोराला ओट्यावरून उचलताना डाव्याने मध्येच सोडून दिलं. पोर उलटं लोंबकळलं, बाळाबाईने दुपट्याला धरून ओढलं म्हणून डोकं दगडावर आपटायचं वाचलं.

त्यानंतर मतं पुन्हा फिरली. गोंदायला आपण कधीच सांगितलं नव्हतं, असं बाळाबाई चाळभर सांगू लागली. सिदू म्हणाला, म्या तवाच म्हनलो हुतो, आणि एवढंच म्हणून पाळीवर गेला. शेवटी शिवबाईलाच घरी बोलावलं.

शिवबाईने हात उलटापालटा करून पाहिला. गोंदण पुसता येत नाही, पण कोपराच्या वर चौफेर एक काळी रेघ टोचली तर त्या हाताची वाट तुटेल, राजाबाई तिच्या ठिकाणी जाईल आणि हात मायाक्काचा होईल, असं तिने सांगितलं.

"आन् येडू?" मायाक्काने विचारलं.

"ती पुना हवेत बोट फिरवील," शिवबाई म्हणाली. "त्यावर माज्याकडं सुई न्हाय, पोरी. कुणाला ठिवायचं त्ये तुजं तू बघ."

बाळाबाई नातवाला छातीशी धरून बसली होती. तिचं उत्तर तिच्या तोंडावर होतं. एक पोटचं, एक आपण हाताने परत आणलेलं. मायाक्का नुसती दारातल्या उन्हाकडे बघत होती. शिवबाईने काजळी कालवली, सुया बांधल्या. मायाक्काने उजव्या हाताने डावा हात उचलून पुढे ठेवला. तो तळवा वर करून निपचित पडला, पण शिवबाईने कोपर धरल्याबरोबर त्याची मूठ घट्ट आवळली. नखं तळव्यात रुतली. मायाक्काला ती जाणवली नाहीत.

येडू उंबऱ्यावर बसून बघत होती. ती उठली आणि आजीपुढे जाऊन उभी राहिली. काय चाललंय हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. बाळाबाईच्या हातातून तिने भावाला ओढून घेतलं, ते रडणारं जड ओझं पोटाशी धरून वाकडीतिकडी चालत आली आणि तिने त्याला त्या आवळलेल्या हातावर आडवं ठेवलं. बाळाबाई पुढे झेपावली, तिला शिवबाईने अडवलं.

पोरगी मायाक्काच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती कोपराच्या डागाकडे बघत होती.

"आये, घे की," ती म्हणाली. "ह्यो बी आपलाच हाय."

मूठ सुटली. एकेक बोट उघडलं. हात हळूहळू लेकराच्या पाठीखाली गेला, त्याने मान सावरली आणि त्याला वर उचललं. दोनदा सावकाश, एकदा भरभर, त्याने थोपटलं. पोर रडायचं थांबलं.

मायाक्काने धास्तीने उजवा हात खाली आधाराला धरला होता. येडूने तो धरून बाजूला केला.

"मायाक्का, तू नगं धरू. तिला धरू दे."

मायाक्काने उजवा हात काढून घेतला. लेकरू तिच्या मांडीवर, तिच्याच खांद्याला जोडलेल्या हातावर निजलं होतं, दुधाने भरलेलं, चांगलं जड. तिने श्वास धरून वाट पाहिली. पण तिच्या खांद्याला त्याचा भार लागला नाही. ते वजन दुसऱ्याच कुणीतरी पेललं होतं.