कुठल्या गाढवाचं प्लास्टर

गवंडी दुसऱ्याच्या घरात शिरला की आधी भिंत बघत नाही, आधी तिथे काम करून गेलेल्या गवंड्याला शिव्या घालतो. मामा तर यात पटाईत. चाळीस वर्षं थापी चालवून त्याच्या हाताला घट्टे पडले होते आणि जिभेला धार आली होती. भिंत कळणारा माणूस जगात एकच आणि तो रोज सकाळी आरशात दिसतो, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

त्यामुळे धाकट्या बहिणीच्या घराची ओल काढायला तिची मुलगी पुढे सरसावली, तेव्हा मामा पोट धरून हसला. घर जुनं, विटांचं आणि चुन्याचं. उत्तरेची भिंत दर पावसाळ्यात काळी पडायची आणि बहिणीचा पलंग नेमका तिच्याच कडेला. तिचा खोकला आता उन्हाळ्यातही थांबेना. परगावचा मुलगा म्हणाला, घर विक आणि माझ्याकडे ये. बहिणीला ते नको होतं. नवऱ्यामागे या घराची एकेक कडी तिने एकटीने राखली होती. मुलगी म्हणाली, सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचं प्लास्टर करू, भिंत सुकेल. पण बहिणीचा हट्ट असा, की दादा हो म्हणेल तरच भिंतीला हात लावायचा.

दादा आला तो नाक मुरडतच. अंगणात पिंपात चुना भिजत पडला होता. भाचीने खिडक्यांच्या चौकटींना जवसाचं तेल पाजलं होतं आणि जुने स्वेटर कापून फटींत लोकर कोंबली होती.

"खिडकीला स्वेटर?" मामा म्हणाला. "मग दाराला मोजे घाल. गारठलं असेल बिचारं."

"फटीतून वारा यायचा थांबला, मामा. हात लावून बघा."

मामाने हात लावला. वारा खरंच येत नव्हता.

"आज वाराच पडलाय," तो म्हणाला. "चार महिने कुठेतरी शिकून आलीस आणि मला चुना शिकवतेस. म्हणे पर्यावरण! कानामागून आली आणि तिखट झाली."

भाचीने त्याच्या हातात हातोडा दिला आणि म्हणाली, "एकदा ठोकून तर बघा."

मामाने उत्तरेच्या भिंतीवर ठोकलं. आवाज पोकळ आला. दुसऱ्या घावाला सुपाएवढा पापुद्रा खाली कोसळला. आतली वीट ओलीगच्च होती, बोट लावलं की भुगा होत होता. मामाचं डोकं फिरलं.

"कुठल्या गाढवानं केलंय हे प्लास्टर? अगं, चुन्याची भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते आणि वाऱ्यावर सोडून देते. या शहाण्यानं तिच्यावर सिमेंट फासलं, वर प्लास्टिकचा रंग! पाणी जाणार कुठे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार! असल्या माणसाच्या हातात थापी काय, झाडूसुद्धा देऊ नये."

भाची पंधरा दिवस हेच सांगत होती, तेव्हा तो पोरखेळ होता. आता मामाच्या तोंडून आल्याबरोबर ते शास्त्र झालं. तो आणखी चार घाव घालत, आणखी चार शिव्या देत राहिला. बहीण दारात उभी राहून ऐकत होती.

पाचव्या ढेकळात काहीतरी निळं चमकलं.

प्लास्टरची जाडी सगळीकडे सारखी राहावी म्हणून गवंडी आधी भिंतीवर फरशीचे तुकडे बसवतो, त्याला ठिय्या म्हणतात. हा तुकडा फरशीचा नव्हता. मामाने तो अंगठ्याने पुसला. निळी बशी, काठावर पांढरं फूल. हातभर अंतरावर दुसरा तुकडा, त्यावर उरलेलं फूल.

बारा वर्षांपूर्वीचा, शेकडो भिंतींच्या गर्दीत विसरलेला दिवस त्याला आठवला. फरशीचे तुकडे संपले होते त्या दिवशी. दुसरीकडचं काम खोळंबलं होतं, घाई होती. फळीवरची बशी त्याने न विचारताच फोडली होती. बशीचं काय, नवी आणू!

"सहावा कप अजून बिनबशीचाच आहे, दादा," बहीण म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"घर माझं आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तेव्हाच बोलले होते. चुन्याचंच कर म्हटलं होतं. तू पोट धरून हसलास."

मामाने भाचीकडे पाहिलं. ती खाली बघून चाळणी साफ करत होती, म्हणजे तिलाही ठाऊक होतं. बहिणीला खोकल्याची उबळ आली. भिंतीला टेकलेली तिची उशी एका बाजूने पिवळी पडली होती. बारा वर्षं ती त्या उशीवर झोपत होती. मामाला लाज वाटली. ती आयुष्यात पहिल्यांदाच वाटत असल्यामुळे आधी त्याला छातीत कळ आल्यासारखंच वाटलं.

"मुलगा विचारतोय," खोकला थांबल्यावर बहीण म्हणाली. "काय कळवू त्याला?"

मामाने बशीचे दोन्ही तुकडे खिडकीत ठेवले.

"कळव, गाढव सापडलंय. आता सगळं त्याच्याकडूनच खरवडून घेते म्हणावं." मग तो भाचीकडे वळला. एवढ्या वर्षांत त्याने कामातलं कधी कुणाला काही विचारलं नव्हतं, त्यामुळे आवाज जरा बसकाच निघाला. "चुन्यात वाळू किती घालतेस गं तू?"