अळंबीचा काळा रस्सा

आमच्या ह्यांची जीभ लय धारदार, आणि गळ्यात तुळशीची माळ. चांदवडकडच्या आमच्या गावात दोन्ही गोष्टी पोरासोरांनाही ठाऊक. गावात रंगनाथ म्हणून एक आहे, तोही माळकरीच. पण आठवड्यातून एकदा माळ काढून खुंटीला अडकवायची, मटण हाणायचं, दुसऱ्या दिवशी अंघोळ करून माळ परत गळ्यात, असा त्याचा कारभार. ह्यांनी त्याचं नाव ‘खुंटीकर’ पाडलं आणि भर पारावर त्याला त्याच नावानं हाका मारल्या. बिचारा खाली मान घालून निघून जायचा. मला त्याची कीव यायची, कारण मी मटण खाणाऱ्या घरातली. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ह्यांनी माळ घातली, आणि माझ्या जिभेला कुलूप लागलं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

किशोर आमचा एकुलता एक. नाशकात अंबडच्या एका कंपनीत लागला आणि तिथंच वेदिकाशी लग्न करून मोकळा झाला. वेदिका घोटीच्या पलीकडची, डोंगरातल्या आदिवासी घरातली, एका दवाखान्यात नर्स. ह्यांनी जातीचा ‘ज’ काढला नाही. म्हणाले, “त्यांच्यात मटण-मच्छी चालती. ज्या घरात मटण शिजतं तिथलं मी पाणी पिणार नाय. माळेचा मान हाय.” गावानं माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला सांगू? दोन वर्षं आम्ही त्या घराची पायरी चढलो नाही.

मग दोन हजार तीन सालच्या आखाडात किशोरचा फोन आला. वेदिकाला आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई कधीच वारलेली, घरात नुसती बापई माणसं. किशोर म्हणाला, “आई, तू येशील का गं?” फोनवर तो लहानपणी बोलायचा तसा बोलला.

मी ह्यांना म्हटलं, “मी जाणार बाळंतपणाला.”

“मी जिथं पाणी पीत नाय, तिथं माझी बायको दोन महिने राहणार? लोक तोंडात शेण घालतील.”

“मग पाणी प्या की! घशात काय काटे टोचणारेत?”

असा आमचा संसार. भांडले, रडले, शेवटी अबोला धरला. अबोल्याला हे टरकतात, कारण मग ह्यांचं ऐकायला घरात कोणी उरत नाही. म्हणाले, “एकदा येतो. जेवायला बसतो. मनाला पटलं तर तू राहा. मटणाचा नुसता वास जरी आला तर दोघं त्याच पावली माघारी.” म्हणजे माझ्या नातवाचं सगळं त्या एका जेवणावर येऊन ठेपलं.

सिडकोतली किशोरची खोली वरच्या मजल्यावर. जिना चढतानाच वास आला. काळा मसाला, भाजलेलं खोबरं, लसूण, आणि त्याच्याखाली काहीतरी दाट, मांसल. आखाडात घरोघरी जो वास सुटतो तोच! मी ह्यांच्याकडं चोरून पाहिलं. आता मागं वळतात की नंतर? पण हे वर चढत राहिले. नाकपुड्या फुगलेल्या.

दारात वेदिका उभी, पोट हातभर पुढं. वाकायला लागली तर मी धरलं. म्हटलं, “राहू दे गं बाई.” ह्यांनी ‘असू दे’ एवढंच म्हटलं आणि खुर्चीत बसले. मी तडक स्वयंपाकघरात घुसले.

“अगं, कशाला ही अवदसा आठवली तुला! आज नेमकं मटण?”

वेदिका हसायला लागली. “आई, मटण कुठलं? अळंबी आहे.”

तिनं झाकणं काढून दाखवली. एका कढईत ती बाजारातली पांढरी, बटणासारखी मशरूम. ढोबळी मिरची घालून सुकी केलेली. दुसऱ्या पातेल्यात रानातली. तिच्या भावानं पहाटे वारुळावरून काढून सागाच्या पानात बांधून आणली होती. घरच्यांना पिढ्यानपिढ्या ओळखू येते तेवढीच घेतो, म्हणाली. तिला नुसता लसूण, हिरवी मिरची, मीठ. दुसरं काही घातलं तर तिची चव जाते. आणि मोठ्या पातेल्यात धिंगरी, भाताच्या पेंढ्यावर पिकवतात ती. “हिला विळी लावायची नाही, आई. हातानं उभी फाडायची. आधी तिच्याच सुटलेल्या पाण्यात आटवायची, मग तेलावर परतायची, मग रस्सा.” फाडलेल्या धिंगरीच्या रेषा पाहिल्या तर थेट मटणाच्या. आमच्याकडं असल्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणतात आणि पोरं लाथेनं उडवतात. ही पोर त्यांची मेजवानी करून बसली होती. मी थोडा रस्सा हातावर घेऊन चाखला. अगं आई गं! इतक्या वर्षांनी माझ्या जिभेवरचं कुलूप निघालं, आणि तेही पाप न लागता.

वेदिका म्हणाली, “अण्णांना आधी सांगायला हवं. त्यांचा गैरसमज व्हायचा.”

“मी सांगते. तू ताटं घे.”

टॉवेल घेऊन मी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. हे मोरीपाशी हात धूत होते, पाठ माझ्याकडं. समोर आरसा. मी हाक मारणार, तेवढ्यात ह्यांनी इकडंतिकडं पाहिलं, दाराच्या आडोशाला मी त्यांना दिसले नाही, माळ डोक्यावरून काढली, बंडीच्या खिशात कोंबली आणि वरचं बटण लावून उपरणं गळ्याभोवती गुंडाळलं.

तोंडाशी आलेलं बोलणं मी गिळलं.

आता कोणी म्हणेल, वत्सलाबाई, तेव्हाच का नाही सांगितलंत? एका शब्दाचं काम होतं. होतं ना! पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. तो रंगनाथ आठवला. माझी कुलूप लावलेली जीभ आठवली. म्हटलं, बघू तरी, माळेचा मान कुठपर्यंत जातो. मी मुकाट टॉवेल पुढं केला.

ताटं वाढली. मीही शेजारी बसले, किशोर समोर. ह्यांनी आधी धिंगरीच्या रश्श्यालाच हात घातला. भाकरी मोडली, बुडवली, तोंडात घातली आणि डोळे मिटले. अशा तब्येतीनं जेवताना मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं. रानातली अळंबी भाताबरोबर खाल्ली, बटणाची सुकी चवीपुरती चिवडली आणि पुन्हा रश्श्यावर आले. वाटी भाकरीनं पुसली. मग हळूच, कोणाकडं न बघता म्हणाले, “थोडा रस्सा असंल तर वाढ.”

वेदिकाला केवढा आनंद झाला! सासरा पहिल्यांदा तिच्याशी बोलला, आणि तेही मागून खायला. ती पळी घेऊन वाकली. “अण्णा, आवडली ना अळंबी? मला भीतीच वाटत होती.”

“काय?”

“अळंबी. धिंगरी म्हणतात हिला. आईंनी सांगितलं ना तुम्हाला?”

ह्यांचा घास हातातच राहिला. वाटी पुढं करताना उपरणं घसरलं होतं. किशोर ह्यांच्या गळ्याकडं बघत होता.

“अण्णा, माळ कुठंय?”

ह्यांचा हात गळ्याकडं गेला आणि तिथंच थांबला. किशोरनं ताटाकडं पाहिलं, खिशातून डोकावणाऱ्या मण्यांकडं पाहिलं, आणि त्याचे डोळे भरून आले. “तुम्हाला मटण वाटलं. आणि तरी उठून गेला नाहीत. आमचं मन मोडू नये म्हणून माळ काढलीत? आमच्यासाठी, अण्णा?” एवढा वाढलेला गडी, बापाच्या पायाशी बसून रडायला लागला.

मला वाटलं, आता तरी हे खरं बोलतील. पण ह्यांनी उष्टा हात वर धरला, दुसरा पोराच्या डोक्यावर ठेवला आणि घसा खाकरून म्हणाले, “अरे, पोरापुढं माळ मोठी हाय का?”

लाजेनं माझे कान तापले. माझ्या माणसाच्या तोंडून इतकं गोड खोटं, आणि मी शेजारी बसून ऐकतेय! बोलावं तर बाळंतपण हातचं जातं. गप्प बसावं तर घास उतरत नाही.

तेवढ्यात वेदिका जमिनीला हात टेकत खाली बसली, त्या अवघडल्या पोटासकट, आणि ह्यांच्या पायावर डोकं ठेवलं. “अण्णा, एक सांगू? लग्न झाल्यापासून या घरात मटण आणलेलं नाही. माझ्या माहेरी गेले तरी मी खात नाही. यांना म्हटलं, अण्णा कधीही येतील. आले की त्यांना या घरात निर्धास्त पाणी पिता आलं पाहिजे.”

ह्यांनी पाय ओढून घेतले, विस्तवावर पडल्यासारखे. तोंड काळंठिक्कर पडलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना पीक बुडालं तेव्हा रडताना पाहिलं नाही, आई गेली तेव्हा पाहिलं नाही. तेव्हा पाहिलं.

“पाया पडू नको, पोरी. तुमच्यासाठी नाय काढली. किशोर, तुझ्यासाठी बी नाय. जिन्यातच वास आला, तवाच मन गेलं माझं. कुणाला कळणार नाय म्हणून काढली. खुंटीकर मीच.”

मग मलाही राहवेना. “आणि मला ठाऊक होतं. मला आरशात दिसलं सगळं. वेदिकानं सांगायला सांगितलं होतं, मी मुद्दाम नाही सांगितलं.”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावले नाहीत. किशोर उठून भिंतीला टेकून उभा राहिला. वेदिका मात्र जमिनीवरच बसून होती. एकदा ह्यांच्याकडं, एकदा पातेल्याकडं बघत काहीतरी जुळवत होती. मग तिनं विचारलं. आवाज चढवला नाही की टोमणा मारला नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

“म्हणजे अण्णा, मटण असतं तरी तुम्ही खाल्लं असतं?”

“हो.”

“माझ्या हातचं?”

“हो, पोरी.”

“मग दोन वर्षं तुमचं अडलं कशावर?”

ह्यांचा डावा हात खिशातल्या मण्यांवर गेला. ती माझ्याकडं वळली. तिला वाटलं असेल, सासू तरी सांगेल. उत्तर ह्यांनी कधी न काढलेल्या त्या ‘ज’मध्ये होतं. ते आम्हा दोघांना ठाऊक होतं, गावालाही ठाऊक होतं, आणि गावाबरोबर मीही मान डोलावली होती. आता तिलाही कळत चाललं होतं, मला ते तिच्या तोंडावर दिसत होतं. माझ्या ताटात भात तसाच होता. मी खाली बघून तो कालवत राहिले.