नरम पडलेली टकटक

"बंद कर. पुन्हा चालू कर," कानसेन म्हणाले.

ड्रायव्हरने बस पुन्हा सुरू केली. कानसेनांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डिझेल इंजिनाची ती ओळखीची टकटक गादीखालून आल्यासारखी येत होती. कालपासून सगळ्याच बसचं असं.

डेपोतल्या या म्हाताऱ्या मेकॅनिकचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखायचे, म्हणून ते कानसेन. परवा भाचीच्या लग्नात हौसेने लाउडस्पीकरला चिकटून बसले, ते कानांना भोवलं बहुतेक. सकाळी त्यांनी बायकोला भीतभीत विचारलं होतं, "मला हल्ली कमी ऐकू येतं का गं?"

"कामाचं सांगितलं की अजिबात येत नाही. बाकी सगळं येतं."

झाकली मूठ तशीच ठेवता आली असती. पण बसमध्ये माणसं बसतात. कानसेन डेपोप्रमुख बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, मला तपासणीवरून काढा. माझे कान गेले. इंजिनं नुसती कुजबुजतायत."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही लग्नाला गेलात आणि इकडे डेपोच्या टाकीत नवं डिझेल आलं. वनस्पती तेलापासूनचं इंधन मिसळलेलं. ते आत शिरल्याशिरल्या पेट घेतं, साचून एकदम भडकत नाही. म्हणून टकटक नरम. तुम्हाला सांगायचंच राहिलं बघा."

"म्हणजे मी ठणठणीत?"

"ठणठणीत! ड्रायव्हर लोकांना वाटतंय, इंजिनं तुम्हीच सुधारलीत. पण आता लक्ष ठेवा. हे इंधन बसच्या टाकीतला जुना गाळ सुटा करतं. फिल्टर तुंबायला लागले, की आधी तुम्हालाच ऐकू येईल."

कानसेनांच्या जिवात जीव आला. परत येताना त्यांनी बसचा धूर हुंगला. खरंच, तळणीचा वास! त्यांना हसू आलं. मग जरा वाईटही वाटलं. जन्मभर ऐकलेली ती खणखणीत टकटक आता काही परत ऐकू येणार नव्हती. निरोपही न घेता गेली.

"काका, झालं का? निघू?" ड्रायव्हरने विचारलं.

"थांब जरा. ओळख तर होऊ दे."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला आणि मूठ कानाला लावली, कामाच्या पहिल्या दिवशी लावली होती तशी.