पहले कमर खोलिए

कंबर कसल्याशिवाय मराठी माणसाने आजवर एकही मोठं काम केलेलं नाही. उल्हास प्रधानने तर कंबर कसूनही केलं नव्हतं, आणि केंद्र सरकारात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाकडून तशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

आता मात्र प्रसंग आला होता. मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झाल्यापासून आईला स्वतःहून उठता येत नव्हतं. पुण्याहून धाकट्या अलकाने बजावलं, "दादा, आईला उचलून खुर्चीत बसवता येतं का तुला? महिनाभर देते, मग एका रविवारी व्हिडिओवर दाखव. नाही तर मी तिला घेऊन जाते." आईला पुणं नको होतं. तिथले लोक फार शुद्ध बोलतात, असं तिचं म्हणणं.

उल्हासने नोएडातली जिम गाठली. ट्रेनर म्हणाला, "सर, वज़न बाद में. पहले कमर खोलिए."

उल्हासचा हात पट्ट्याकडे गेला.

"अरे, बेल्ट नहीं, सर!"

वजन उचलण्याआधी कंबर कसायची नसते, दहा मिनिटं सैल करायची असते, हे त्याला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. महिनाभरात तो चाळीस किलोंपर्यंत आला. आई बेचाळीसची होती.

ठरलेल्या रविवारी फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. पलीकडे अलका. उल्हास सतरंजीवर ओणवा झाला आणि मांजरासारखी पाठ वर-खाली करू लागला.

"काय सांडलंय रे?" आईने पलंगावरून विचारलं.

"वॉर्म-अप करतोय, आई. कमर मोकळी व्हायला पाहिजे."

"कमर नाही, कंबर. किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं."

"मला बाथरूमला जायचंय."

"बस, सातच राहिली."

"तुझी कंबर मोकळी होईपर्यंत थांबले, तर मी इथेच मोकळी होईन!"

"दादा, ऊठ रे," फोनमधून अलका म्हणाली.

पण थंड कमरेने उचललं तर पेशंट दोन होतील, असं ट्रेनरने सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. उल्हासने उताणं होऊन गुडघे छातीशी घेतले, डोळे मिटले आणि वीसपर्यंत मोजलं.

डोळे उघडले तेव्हा पलंग रिकामा होता. आई चाकाच्या खुर्चीत, बाथरूमच्या दारात. त्याची बायको हेमलता ब्रेक लावत होती.

"बरं, राहू दे आईला तिकडेच," अलका म्हणाली.

"अगं, पण मी अजून उचललंच नाही!"

महिनाभर दिवसातून पाच वेळा हेमलताच उचलत होती.