बुलेटमधला आत्मा आणि उभा राहणारा अंगारा

खंडेनवमीच्या सकाळी लालबागच्या त्या चाळीच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सगळ्यांच्या माना एका पाटाकडे वळलेल्या. पाटावर शामरावांची हत्यारं पूजेला मांडली होती: गिरणीत वापरलेले पाने, पक्कड, हातोडी. त्यांच्या मधोमध होता एक कोरा करकरीत अल्टरनेटर. एक गोल मॅग्नेट आणि त्याच्याभोवती बसणारी तांब्याच्या तारांची कॉइल. इंजिनाबरोबर मॅग्नेट फिरतो आणि कॉइलमध्ये वीज तयार होते, एवढीच त्याची विद्या. शामराव पावसाळ्याआधी गेले. मागे राहिली त्यांची जुनी बुलेट. तिचा दिवा मिणमिणायचा, बॅटरी बसायची, म्हणून त्यांची मुलगी श्रेया हा नवा भाग ऑपेरा हाऊसजवळची दुकानं पालथी घालून घेऊन आली होती. पूजा आटोपली की गल्लीतला मयूर मेकॅनिक तो बसवणार होता.

पण मयूरच्या आधी वाहनानंद महाराज पोचले. ते नेहमी आमंत्रणाच्या आधीच पोचतात.

महाराजांनी डबीतून चिमूटभर अंगारा काढला आणि पक्कड-हातोडीवर सोडला. तो गपगुमान खाली पडला. मग मॅग्नेटवर सोडला, तर अंगारा हवेतच वळला, मॅग्नेटला चिकटला आणि काट्यासारखा ताठ उभा राहिला. बायांनी हात जोडले.

"हे शामरावांचे केस," महाराज डोळे मिटून म्हणाले. "रागानं उभे राहिलेत. पोरीनं गाडीला हात लावला, ते त्यांना सोसलं नाही. हा अंगारा वाहनाचा आहे. कपाळाला लावायचा नाही, पोटात घ्यायचा नाही, आणि काही झालं तरी पुसायचा नाही." एवढं बजावून उरलेली डबी त्यांनी शामरावांच्या बायकोच्या, रखमाकाकींच्या हातात ठेवली.

समोरच्या खोलीत राहणारी माया गायकवाड हे कठड्यावरून बघत होती. ती पालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवते. जो अंगारा कपाळाला लावायचा नाही, तो अंगारा कसला, असं तिच्या मनात आलं. ती तसं बोललीही. त्यावर चाळीचे सेक्रेटरी कुशाबा म्हणाले, "मॅडम, तुमच्यात देव मानत नाहीत. तुम्ही मधी पडू नका."

"काका, लोखंडाला कोणाच्यात काय मानतात ते कळत नाही," माया म्हणाली. पण आरती सुरू झाली होती आणि टाळांपुढे तिचा आवाज कोण ऐकणार?

मयूरने दुपारी काम केलं. एरवी हा पोरगा मॅग्नेट आरशासारखा पुसल्याशिवाय बसवत नाही, कारण मॅग्नेट आणि कॉइल यांच्यात जेमतेम लग्नपत्रिकेच्या जाडीएवढी फट असते. पण महाराजांचा अंगारा पुसायचा कसा? त्याने नमस्कार केला आणि काट्यांसकट तो मॅग्नेट आत बसवून कव्हर घट्ट आवळलं. श्रेयाने किक मारली आणि इंजिनातून असा चिरका, घोगरा आवाज निघाला की वरच्या मजल्यावरची पोरं रडायला लागली.

रखमाकाकींनी तो आवाज ओळखला. शेवटच्या दिवसांत इस्पितळात शामरावांची वाचा गेली होती, नुसते कण्हायचे. तो आवाज काकींच्या कानातून गेला नव्हता, तो आता बुलेटमधून आला. त्या जेवेनात. श्रेयाशी बोलेनात. "बापूस थंय आत तडफडता, आणि तुका गाडी फिरवची पडली," एवढंच एकदा म्हणाल्या.

महाराजांकडे उपाय तयार होता. गाडी त्यांच्या आश्रमात शांत करायला द्यायची. आश्रमात अशा बऱ्याच गाड्या शांत होत पडल्या आहेत म्हणे. नवल एवढंच, की अतृप्त आत्मे कधी खटारा सायकलीत शिरत नाहीत. त्यांना जुनी, दुर्मीळ, शौकीन लोक जिच्यासाठी जीव टाकतात अशीच मोटरसायकल लागते. आत्म्यांची आवड मोठी चोखंदळ.

रविवारी महाराज टेम्पो घेऊन आले. पुन्हा गर्दी, पुन्हा आरती. श्रेया बुलेटचं हँडल धरून उभी होती आणि सोडायला तयार नव्हती. तेवढ्यात माया मयूरच्या गॅरेजमधून एक गंजका मॅग्नेट घेऊन आली.

तिने भांडण काढलं नाही. काकींकडून अंगाऱ्याची डबी मागून घेतली आणि सगळ्यांसमोर त्या गंजक्या मॅग्नेटवर उपडी केली. अंगारा उसळला आणि काटे उभे राहिले, अगदी तस्से.

"बघा, बघा," महाराज पटकन म्हणाले, "इथंही आत्मा आहे. फार दुःखी जीव."

"मयूर, हा कोणाच्या गाडीचा?" मायाने विचारलं.

मयूर चाचरत म्हणाला, "कुशाबांच्या स्कूटरचा. मागल्या वर्षी बदलला होता."

गर्दी कुशाबांकडे बघायला लागली. कुशाबा गंजीफ्रॉकवर, हातात निरांजन घेऊन, चांगले धडधाकट उभे होते. "मी जितो आसंय," ते म्हणाले.

महाराज डगमगले नाहीत. कुशाबांवर मृत्यूची छाया आहे, एक पाय पलीकडे गेलेला आहे, असं त्यांनी सांगून टाकलं. इथे त्यांचं गणित चुकलं. गिरणगावातल्या म्हाताऱ्याला काय वाटेल ते म्हणा, पण चारचौघांत त्याला मारू नका. कुशाबांनी निरांजन खाली ठेवलं आणि बाह्या नव्हत्याच, म्हणून दंडच चोळले. महाराज टेम्पोत कधी चढले ते कोणालाच नीट दिसलं नाही.

मग मायाने सरळ सांगितलं. राखेत लोखंड कातायच्या लेथ मशीनखाली पडतो तसला लोखंडाचा बारीक कीस मिसळला आहे. मॅग्नेट त्याला ओढतो आणि उभा करतो. पोटात घेतला तर चमत्कार व्हायच्या ऐवजी डॉक्टरकडे जावं लागेल, म्हणून तो बजावणारा उपदेश. आणि गाडी ओरडते, कारण तोच कीस त्या बारीक फटीत अडकून कॉइलला घासतो.

मयूरने कव्हर उघडून मॅग्नेट काढला. काटे घासून चपटे झाले होते, कॉइलवर ओरखडे होते. पण पुसायला तो धजेना. हातातलं फडकं तसंच राहिलं. श्रेयाने हात पुढे केला आणि आईकडे बघून मागे घेतला.

रखमाकाकी पुढे आल्या. "माया, खरा सांग. ते वरडत नव्हते ना गो?"

"नाही काकी. लोखंड घासत होतं. शामकाका सुटले केव्हाच. त्यांना आता काही दुखत नाही."

काकींनी मॅग्नेट मांडीवर घेतला आणि पदराने पुसायला लागल्या. कीस सहजी सुटत नव्हता. त्यांनी कडा पुसल्या, खाचा पुसल्या, पदर काळाकुट्ट झाला तरी पुसत राहिल्या आणि तेवढा वेळ रडत राहिल्या. मयूरने आतला भाग धुतला, तेल बदललं, फट चारी बाजूंनी तपासली आणि कव्हर लावलं. श्रेयाने किक मारली. बुलेटचा तो ओळखीचा, संथ ठोका अंगणभर घुमला आणि दिवा लख्ख पेटला. त्या संध्याकाळी मायलेकी एका ताटात जेवल्या.

वाचकहो, देव माना की न माना, तो तुमचा प्रश्न. पण तुमच्या गेलेल्या माणसाचं दुःख कोणी डबीत घालून आणलं, तर हात जोडण्याआधी तीच चिमूट एखाद्या जिवंत माणसाच्या वस्तूवर टाकून बघा. एवढी साधी तपासणी कोणी केली नाही, म्हणून एक बाई नवऱ्याच्या वेदना पुन्हा ऐकत उपाशी बसली होती. बुलेट वाचली, हे बरंच झालं. पण त्या बाईला जे सोसावं लागलं, त्याचा जाब महाराजांना विचारायचा अजून बाकी आहे.