गुरुवारची चौकट

पाणी तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत दोघीजणी होत्या. एकीला सगळे मोठ्या बाई म्हणत, दुसरीला धाकट्या बाई. वयात फरक उणापुरा तीन महिन्यांचा, आणि अंगापिंडाने तर धाकट्याच थोराड; पण एकदा नाव पडलं ते पडलं. अठरा वर्षं दोघींनी एकाच ओट्याशी उभं राहून शहरातल्या टाक्यांचं पाणी तपासलं होतं. पहिली सोळा वर्षं 'अगं-तूगं' करत, शेवटची दोन 'अहो-जाहो' करत.

या 'अहो-जाहो'ला कारण झाला एक गुरुवार.

त्या गुरुवारी मोठ्या बाईंच्या आईचं ऑपरेशन होतं. कामाचा तक्ता संगणकावर असायचा, मोबाइलवरही दिसायचा. टाक्यांवर जाऊन नमुने आणायचे, त्या चौकटीत मोठ्या बाईंचं नाव होतं. धाकट्या बाईंनी सोमवारीच ते काढून आपलं घातलं. म्हणाल्या, "तू आईपाशी बैस. टाक्यांचं मी बघते."

आणि गुरुवारी सातपैकी एकाही टाकीवर कुणी गेलं नाही. तक्त्यात पुन्हा मोठ्या बाईंचंच नाव आलं होतं. धाकट्या बाईंनी सकाळी ते पाहिलं, ऑपरेशन पुढे ढकललं असेल अशी समजूत करून घेतली आणि ओट्यावरच्या कामाला लागल्या. दुपारपर्यंत बाटल्या आल्या नाहीत तेव्हा कुठे त्यांनी फोन केला. मोठ्या बाईंचा फोन बंद होता.

मेमो आला तो मोठ्या बाईंच्या नावाने. आई अजून शुद्धीवर येते न येते, आणि इकडे हा कागद! त्या तडक साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "नाव हिनेच बदललं. ऐनवेळी अंग काढून घेतलं."

साहेबांनी धाकट्या बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी नाही बदललं. म्हणजे... मला तरी आठवत नाही."

ते 'आठवत नाही' मोठ्या बाईंच्या डोक्यात गेलं ते गेलंच. साहेबांनी भांडण मिटवायचं म्हणून तक्त्यात फेरफार करायचा धाकट्या बाईंचा अधिकार काढून घेतला. तेव्हापासून साधी अर्ध्या दिवसाची रजा हवी असली तरी त्यांना मोठ्या बाईंना सांगावं लागे. "अहो, बुधवारी मला लवकर निघायचंय, तेवढं घालता का?" मोठ्या बाई मान न वळवता घालत.

गेल्या सोमवारी संगणक विभागातला माणूस आला. काहीही विचारा, "ते सगळं क्लाउडमध्ये आहे" असं सांगायची त्याला सवय, म्हणून त्याचं नाव ढग. सॉफ्टवेअरमध्ये नव्या सोयी आल्या होत्या, त्या समजावून द्यायला तो आला होता. बैठकीचं टिपण आता आपोआप तयार होणार, कुणाचं नाव लिहिलं की त्याला निरोप जाणार, असं बरंच काही त्याने दाखवलं. साहेब मान डोलावत होते, म्हणजे त्यांच्या डोक्यावरून जात होतं.

"आणि ही बघा गंमत," ढग म्हणाला. "कुठल्याही चौकटीवर उजवं बटण दाबायचं, 'बदलांचा इतिहास' निवडायचा. कुणी बदललं, कधी, फोनवरून की संगणकावरून, सगळं हजर."

"आजपासूनचं?" साहेबांनी विचारलं.

"छे हो! पहिल्यापासूनचं. साठवलेलं होतंच, फक्त आपल्याला दिसत नव्हतं."

त्याने साहेबांच्याच एका दौऱ्याची चौकट उघडून दाखवली. दौरा चार वेळा पुढे ढकलला होता आणि चारही वेळा साहेबांनीच. सगळे हसले, साहेबही ओशाळून हसले. धाकट्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. इनक्युबेटरचं तापमान बघायचंय म्हणून त्या उठून गेल्या.

मोठ्या बाईंच्या मनात एकच गोष्ट होती. आता कागदावर सिद्ध होईल. ढग गेला, साहेब त्यांच्या खोलीत गेले, तशा त्या खुर्ची ओढून बसल्या आणि दोन वर्षं मागे जात जात त्यांनी तो गुरुवार गाठला. चौकटीचा इतिहास तीन ओळींचा होता. पहिली ओळ मूळ नावाची. दुसरी सोमवारची, धाकट्या बाईंची. तिसरी बुधवारची, दुपारी चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांची. मोबाइलवरून. बदल करणाऱ्याचं नाव त्यांचं स्वतःचं.

त्यांनी पान बंद करून पुन्हा उघडलं. तेच.

मग हळूहळू त्यांना ती दुपार आठवली. हॉस्पिटलचा लांबलचक बोळ, काखेत आईची फाइल, एका हातात फोन. उद्याचं सगळं नीट लागलंय ना, एवढंच बघायला त्यांनी तक्ता उघडला होता. चौकटीला बोट लागलं की नावांची यादी खाली उघडते आणि यादीत पहिलं नाव त्यांचंच. तेवढ्यात नर्सने हाक मारली आणि त्यांनी फोन घाईघाईने पर्समध्ये कोंबला.

मोठ्या बाईंनी संगणक बंद केला. पहिला विचार आला तो हा, की आपण होऊन कोण बघायला जाणार आहे ही चौकट? साहेबांना कालचं आठवत नाही. गप्प राहिलं तर काय बिघडतंय?

दुसऱ्या दिवशी त्या ओट्याशी उभ्या होत्या, पण लक्ष सगळं शेजारी. धाकट्या बाईंनी क्लोरीनचा आकडा वहीत लिहिला. बाटली पुन्हा उचलून चिठ्ठी वाचली, आकड्यापुढे पेन्सिलने बारीकशी खूण केली. पुढची बाटली घेतली, मग परत आधीची उचलली आणि दुसरी खूण केली. ही त्यांची सवय मोठ्या बाई कधीपासून बघत होत्या. साहेबांना दाखवायला चाललंय, असंच त्यांना वाटायचं. आज त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "दोनदा कशाला बघता?"

"भरवसा नाही ना स्वतःचा," धाकट्या बाई सहज म्हणाल्या. "हातून काहीतरी होतं आणि आठवतही नाही माणसाला."

मोठ्या बाईंच्या हातातली बाटली तशीच राहिली. म्हणजे ही दोन वर्षं हिला खरंच वाटत होतं की आपणच केलं!

"ते नाव मी बदललं होतं," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलमधून, माझ्याच फोनवरून. चुकून. काल बघितलं मी."

धाकट्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "दाखवा."

दोघी संगणकापाशी गेल्या. धाकट्या बाईंनी त्या तीन ओळी बोट ठेवून वाचल्या, लहान मुलं वाचतात तशा. मग खुर्चीत बसल्या. चेहऱ्यावर आधी सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं आणि मागोमाग राग.

"गॅस बंद केला का, म्हणून अर्ध्या रस्त्यातून घरी परत गेलेय मी. नवरा म्हणाला, डॉक्टरला दाखव, विसरभोळेपणा वाढलाय. माझ्या आईला शेवटी काही आठवायचं नाही, तुला माहीत होतं ना? मला वाटलं, माझंही सुरू झालं. आणि तू तिथे शेजारी उभी राहून माझ्याशी 'अहो' करत होतीस!"

"चुकलं माझं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"चुकलंच."

त्या दुपारी मोठ्या बाई डबा घेऊन धाकट्या बाईंच्या टेबलाशी गेल्या. धाकट्या बाईंनी वर न बघता सांगितलं, "आज नको. आज मला तुझं तोंड बघवत नाहीये." मोठ्या बाई परत फिरल्या. मग डबा बाजूला सारून त्यांनी साहेबांसाठी एक पानभर पत्र लिहिलं. त्यात मेमोचं, आरोपाचं, चार सत्तेचाळीसचं सगळं होतं. साहेब वाचून म्हणाले, "अहो, जुनं प्रकरण, कशाला उकरता?"

"आरोप मी तोंडी केला होता, सगळ्यांसमोर," मोठ्या बाई म्हणाल्या. "आता हे लेखी असू दे. आणि तिचा अधिकार तिला परत द्या. मी इथेच उभी आहे."

साहेबांना ते कुठून करायचं हे कळेना. शेवटी ढगाला बोलावणं गेलं.

शुक्रवारी पुढच्या महिन्याचा तक्ता लागला, या वेळी धाकट्या बाईंनी लावलेला. टेकडीवरची टाकी, जिच्या एकशे चाळीस पायऱ्या चढाव्या लागतात, ती चारही आठवडे मोठ्या बाईंच्या नावावर होती. मोठ्या बाईंनी तो वाचला आणि कपाटातून आपले जाड तळाचे बूट काढून ठेवले.